पाणी आधी गेले की गाडी आधी तापली?

आपल्या धाराशिव जिल्ह्यात कापड, भांडी, चपला, कटलरी असा फिरता व्यापार करणारे जे बंधू आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे जुनीच गाडी असते. कुणाची मारुती ८००, कुणाची ओम्नी, कुणाची इंडिका, तर कुणाची जीप. ८०० गाडी कंपनीने २०१४ साली आणि ओम्नी २०१९ साली बनवणे बंद केले, तरी एमएच २५ क्रमांकाच्या या गाड्या आठवडी बाजाराच्या दिवशी माल भरून उभ्या दिसतातच. नव्या गाडीत भांडवल अडकवणे छोट्या व्यापाऱ्याला परवडत नाही, आणि जुनी गाडी नीट सांभाळली तर ती कामाला नाही म्हणत नाही. उन्हाळ्यात मात्र तिची एक तक्रार हमखास येते. गाडी गरम होते आणि पाणी कमी होते.

या तक्रारीवर आपले लोक दोन इलाज करतात. एक तर रोज बाटलीभर पाणी ओतून गाडी पुढे ढकलतात, नाही तर घाबरून थेट इंजिन खोलायला देतात. दोन्हींत नुकसान आहे. मी मिस्त्री नाही, कापडवाला आहे. शिक्षणही उर्दूतून झालेले, त्यामुळे भागांची नावे मिस्त्री लोकांच्या तोंडून जशी ऐकली तशीच येथे लिहितो. या दुखण्यापायी मी पैसे घालवले आणि मग शिकलो, ते वाचकांच्या उपयोगी पडावे एवढाच हेतू आहे.

२०२२ च्या मे महिन्यातली गोष्ट. लग्नसराई जोरात होती. मागची सीट काढून टाकलेल्या माझ्या ८०० गाडीत सोलापूरहून साड्या, चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे भरून मी भर दुपारी निघालो. सोबत भाचा होता. तुळजापूरच्या घाटात काटा लाल पट्टीला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. गाडी कडेला घेतली. मी दगड शोधून चाकाला लावेपर्यंत भाच्याने बॉनेट उघडून रेडिएटरचे झाकण फिरवले. पुढे काय झाले ते सांगायला नको. उकळते पाणी कारंज्यासारखे उडाले आणि त्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. जमलेल्यांपैकी एकाने टूथपेस्ट पुढे केली, दुसऱ्याने हळद. नशिबाने एका ट्रकवाल्याजवळ पाण्याचा मोठा कॅन होता. त्याने ते पाणी हातावर धार धरून ओतले आणि दुसरे काही लावू दिले नाही. भाजलेल्या जागेवर साधे थंड पाणी वीस मिनिटे वाहू द्यावे आणि मग दवाखाना गाठावा, हाच बरोबर उपाय आहे. बर्फ, पेस्ट, तेल यांतले काही लावू नये.

गाडी ओढून आणली. गॅरेजवाल्याने पाहताक्षणी निकाल दिला की हेड गॅस्केट उडाले. इंजिन खोलले, हेडला लेथवर फेसिंग मारले, नवे गॅस्केट टाकले. नऊ हजार रुपये गेले आणि ऐन सराईचे पाच दिवस गेले ते वेगळेच. पंधरा दिवसांनी त्याच घाटात काटा पुन्हा वर चढला.

तेव्हा एका वयस्कर मिस्त्रीकडे गेलो. त्यांचे सारे आयुष्य रेडिएटर झाळण्यात गेले आहे. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. एवढेच विचारले, ‘सेठ, पयले पानी गया, के पयले गाडी गरम हुई?’

मला उत्तर देता आले नाही. दुकानात पाव मीटर चिंधीचा हिशेब ठेवणारा मी, गाडी दर फेरीला किती पाणी खाते हे मला माहीत नव्हते. त्यांनी आठ दिवस वही ठेवायला सांगितली. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडावे, पाणी गळ्यापर्यंत भरावे, किती मापे लागली ते लिहावे. शेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीत पाणी कोणत्या रेघेवर आहे ते लिहावे. किलोमीटर लिहावेत, आणि काल गाडी कोठे कोठे गेली तेही लिहावे.

ही वही का महत्त्वाची, ते कळायला आत काय चालते ते थोडक्यात पाहावे लागेल. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. वॉटर पंप ते पाणी इंजिनात फिरवतो. थर्मोस्टॅट नावाचा वॉल्व्ह बहुतेक गाड्यांत ८० अंशांच्या पुढे उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. तेथे जाळीतून जाणारा वारा ते थंड करतो. वारा पुरला नाही तर फॅन सुरू होतो. आता खरी गंमत झाकणाची आहे. आपण त्याला साधे टोपण समजतो. समुद्रकिनारी पाणी १०० अंशांना उकळते, आणि आपला तुळजापूर-धाराशिवचा पट्टा बालाघाटाच्या माथ्यावर असल्याने येथे ते ९८ अंशांच्या आसपासच उकळते. झाकणातली स्प्रिंग मात्र आत दाब धरून ठेवते. अनेक छोट्या गाड्यांच्या झाकणावर ०.९ असा आकडा छापलेला असतो, तो या दाबाचा. तेवढा दाब टिकला तर तेच पाणी जवळजवळ ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. अर्धे पाणी आणि अर्धे कूलंट असेल तर ही मर्यादा १२५ च्याही पुढे जाते. म्हणजे स्प्रिंग ढिली पडली की घाटात जी गाडी सहज चढायची, ती तेवढ्याच उष्णतेला उकळ्या फोडू लागते. भाच्याचा हात भाजला तोही याच कारणाने. झाकण उघडताच दाब गेला आणि आतल्या पाण्याची एकदम वाफ झाली.

पाणी तापून फुगले की जादा पाणी झाकणाखालच्या बारीक नळीने बाटलीत जाते. इंजिन थंड झाले की झाकणातला दुसरा छोटा वॉल्व्ह उघडतो आणि तेच पाणी नळीने परत रेडिएटरमध्ये ओढले जाते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर रेडिएटर दिवसा उधार देतो आणि रात्री वसूल करतो. उधारी दिली आणि वसुली थांबली, तर वहीत रक्कम दिसते पण गल्ला रिकामा असतो.

माझ्या वहीत नेमके हेच निघाले. गाडी गावातल्या गावात फिरली त्या दिवशी सकाळी एक थेंबही भरावा लागला नाही. सोलापूरची फेरी झाली की दुसऱ्या दिवशी रेडिएटर सरळ अर्धा लिटर पाणी पिई. आणि बाटली? ती काठोकाठ भरलेली, बाजूला सांडल्याचे पांढरे डाग. मी रोज बाटलीकडे पाहून समाधान मानत होतो की पाणी भरपूर आहे! अशा गाडीत सारे मिळून तीन-चार लिटर पाणी असते. त्यातले अर्धा-अर्धा लिटर प्रत्येक फेरीत कमी होत गेले, तर तिसऱ्या-चौथ्या फेरीला घाटात गाडी तापणारच. झाकणाची स्प्रिंग थकली होती, रबराचे वायसर कडक झाले होते, आणि परतीच्या बारीक नळीला बाटलीच्या तोंडाजवळ चीर होती. थंड होताना ती नळी पाण्याऐवजी हवा ओढत होती. झाकण आणि हातभर नळी मिळून खर्च तीनशे रुपयांच्या आत झाला.

मग पहिल्या गॅरेजवाल्याने फसवले काय? मी तसे म्हणणार नाही. मोठ्या मिस्त्रींचेही म्हणणे असे पडले की गाडी इतकी तापली तेव्हा ॲल्युमिनियमचे हेड थोडे वाकले असणे शक्य आहे. पण ते दुखण्याचा परिणाम होता, मूळ नव्हे. मूळ राहिले म्हणून पंधरा दिवसांनी नवे गॅस्केटही त्याच वाटेला लागले असते. गॅरेजवाल्याला दोष देण्याआधी आपण त्याला काय सांगितले हेही पाहावे. मी फक्त ‘गाडी गरम होते’ एवढेच सांगितले होते.

तर पहिला प्रश्न ‘पाणी आधी गेले काय’. त्याचे उत्तर होय असेल, तर ते कोठून गेले ते शोधावे. रात्री गाडीखाली जुने पुठ्ठे किंवा पांढरे कापड पसरून ठेवावे आणि सकाळी डाग कोठे पडला ते पाहावे. आमच्याकडे फाटलेल्या पांढऱ्या मांजरपाटाची कमी नसते. रंगीत कूलंट टाकलेले असेल तर डाग लगेच ओळखू येतो, हा कूलंटचा आणखी एक फायदा. डाग रेडिएटरखाली असेल तर जाळी किंवा खालचा होज पाईप. इंजिनाच्या बेल्टच्या बाजूला असेल तर वॉटर पंप पाहावा. पंपाच्या अंगावर मुद्दाम ठेवलेले एक छोटे भोक असते. आतले सील गेले की तेथून पाणी झिरपते. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग मी पाहिले आहेत. सील गेलेला पंप बदलायचाच असतो. भोक बुजवले तर पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि पंप रस्त्यात जाम होतो. होज पाईप हाताने दाबून पाहावेत. दाबल्यावर करकर आवाज आला, भेगा दिसल्या किंवा क्लिपजवळ फुगवटा दिसला तर बदलावेत. ज्या गाडीत हीटर आहे, तिच्या पायाजवळची चटई ओली आणि काचेवर आतून चिकट धुके येत असेल तर गळती हीटरच्या आतल्या छोट्या जाळीत समजावी.

काही गळत्या थंड असताना दिसतच नाहीत, दाब आला की फुटतात. त्यासाठी मिस्त्रीकडे हातपंप असलेले मीटर मिळते. इंजिन थंड असताना ते रेडिएटरच्या तोंडाला लावून ०.९ पर्यंत दाब भरायचा आणि दहा मिनिटे काट्याकडे बघत बसायचे. काटा खाली आला तर कोठे तरी गळती आहे. त्याच मीटरवर झाकणही तपासता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या गॅरेजने हे मीटर घेतले तर त्याचा खर्च लवकर निघेल असे मला वाटते. आपले जे तरुण या धंद्यात आहेत त्यांनी याचा विचार करावा.

आता दुसरी बाजू. सकाळी पाणी पूर्ण भरलेले आणि तरी गाडी तापते, तर गाडी केव्हा तापते ते पाहावे. तुळजापूरला नवरात्रातल्या गर्दीत पहिल्या गियरमध्ये रांगताना तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागताच काटा खाली येतो, तर दोष फॅनकडे आहे. फ्यूज, फॅनची मोटर, तिचा स्विच किंवा वायर. उलट गर्दीत ठीक आणि नळदुर्ग ते उमरगा अशा सरळ सडकेवर वेगात किंवा घाटात माल भरून तापते, तर पाणी किंवा वारा कमी पडतो आहे. रेडिएटर आतून चोंदला असेल, बाहेरून जाळी भरली असेल, थर्मोस्टॅट अर्धाच उघडत असेल, किंवा वॉटर पंपाची पाती झिजली असतील. फॅन बेल्ट ढिला असेल तरी पंप मंद फिरतो, आणि बऱ्याच वेळा बॅटरीचा दिवाही लुकलुकतो. अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट सेंटिमीटरभर दबावा, फार नको.

थर्मोस्टॅटची तपासणी घरच्या चुलीवर होते. तो काढून भांड्यात पाण्यात दोरीने लटकवावा आणि पाणी तापवावे. उकळी फुटण्याआधी वॉल्व्ह उघडताना डोळ्यांना दिसला पाहिजे. नाही उघडला तर नवा आणावा. आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून फेकण्याची फार वाईट चाल आहे. त्याने उन्हाळ्यात बरे वाटते, पण थंड इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि झीज वाढते.

जाळीबद्दल एक खास आपल्या भागाची गोष्ट. गाळपाच्या दिवसांत ढोकी, तेर अशा भागांत उसाच्या ट्रॉल्यांमागे तासन्‌तास गाडी चालवली की पाचटाचा बारीक कचरा आणि धूळ जाळीत बसते. सोयाबीनच्या मळणीतही तेच. पाण्याची धार पुढून मारली तर कचरा आणखी आत जातो. ती इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने मारावी. धार जोराची नको, जाळीची पाती वाकतात.

आणि आतून चोंदण्याचे कारण म्हणजे आपले बोअरचे पाणी. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. पाण्याची टंचाई आपल्याला नवी नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात गाडीला जे मिळेल ते पाणी घातले जाते. परंतु गाडीला लागते किती? एकदा तीन-चार लिटर. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीवाल्याकडे मिळणारे डिस्टिल्ड वॉटर आणि तितकेच कूलंट भरले तर दोन-तीन वर्षे पुन्हा पाहायला नको. कूलंट उकळी लांबवते आणि गंजही धरू देत नाही. तयार मिसळलेले कूलंट विकत घेतले असेल तर त्यात पुन्हा पाणी मिसळू नये, डब्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरची टाकी उकलून नळ्यांत सळई घालून साफ करता येते आणि गळती झाळताही येते. नव्या रेडिएटरला ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी असते. त्याला झाळकाम चालत नाही. हळद, अंड्याचा बलक, किंवा गळती थांबवणारी पूड टाकून काम भागवणारे भेटतात. गळती दोन दिवस थांबते आणि मग नळ्याच बंद होतात.

आता हेड गॅस्केट. मोठा खर्च असल्याने पुराव्याशिवाय इंजिन खोलू देऊ नये. पुरावे असे. पाणी कमी होते, बाहेर कोठेही डाग नाही, दाबाचे मीटर लावले तर काटा उतरतो. इंजिन तापल्यानंतरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येतच राहते आणि तिला गोडसर वास येतो. इंजिन ऑइलची पट्टी काढली तर तिच्यावर दुधाच्या चहासारखा रंग. (ऑइलच्या टोपणाला आतून थोडा फेस दिसणे पुरेसे नाही, थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तो येतो.) थंड गाडीचे झाकण काढून इंजिन सुरू केले तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबता थांबत नाहीत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा वरचा होज पाईप सकाळीही टणक लागतो. यांतली दोन-तीन लक्षणे एकत्र मिळाली तर शंका धरावी. शिवाय निळे पाणी भरलेली एक काचेची नळी मिळते. ती रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा ओढली आणि पेट्रोल गाडीत निळे पाणी पिवळे झाले, तर जळालेला वायू पाण्यात येतो आहे हे नक्की. मग इंजिन खोलणे भाग आहे. हेड खोललेच तर ते सरळ पट्टी लावून आपल्यासमोर मोजायला सांगावे.

रस्त्यात काटा वर चढू लागला तर लाल पट्टीची वाट पाहू नये. एसी बंद करावा. हीटर असेल तर तो उन्हाळ्यातही पूर्ण सोडावा. अंगाला घाम येईल, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडेल. तरी काटा उतरला नाही तर कडेला थांबून इंजिन बंद करावे. काटा वर जाऊन अचानक खाली पडला तर खूश होऊ नये. पाणी इतके उतरले असते की काट्याचा सेन्सर उघडा पडतो आणि काटा खोटे सांगतो. बॉनेट उघडावे, पण झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नये. वरचा होज पाईप हाताला सोसेल इतका थंड आणि दाबल्यावर मऊ लागला, की जाड फडके धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, दाब निघू द्यावा, मग उघडावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन सुरू ठेवून थोडे थोडे ओतावे. गाडीत पाच लिटरचा एक कॅन नेहमी ठेवावा, आणि एक जाड फडके. माझ्या गाडीत फडक्याची तजवीज आता कायमची आहे.

जुने कूलंट काढताना ते अंगणात किंवा गटारीत सोडू नये. ते विषारी असते आणि चवीला गोड लागते. दारात बकऱ्या बांधलेल्या असतात, कुत्री-मांजरे फिरतात, लहान मुले खेळतात. थोडेसेही पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी होतात आणि जनावर दगावते. काढलेले कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नये.

माझी वही अजून चालू आहे, आता आठवड्यातून एकदाच लिहितो. मे महिन्यात सोलापूरच्या फेरीनंतर रेडिएटरमध्ये काही घालावे लागत नाही. भाच्याच्या हातावरचा डाग मात्र राहिला आहे. तो आता उमरग्याकडची वसुली स्वतः गाडी घेऊन करतो आणि निघण्यापूर्वी झाकण उघडून पाहतो. सकाळी, थंड असताना.